द्वारपालाचा औकार

शहरात असे सांगितले जाते की एका व्हिडिओ गेमसमोर बसून मी रडलो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून माफी मागितली. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. मी रडलो नाही. आणि माफी मागायची असती तर ती रविवारच्या पुरवणीत, सिनेमाच्या जाहिरातींशेजारी मागण्याइतका मी अजून उथळ झालेलो नाही. प्रत्यक्षात काय घडले ते मी लिहून ठेवतो, कारण घडले तेव्हा त्या खोलीत तिघेच होते आणि उरलेल्या दोघी लिहीत नाहीत.

चाळीस वर्षे मी चित्रपटांची परीक्षणे लिहिली. सहा वर्षांपूर्वी दक्षिणेत निघालेला, मग हिंदीत उतरवलेला एक अद्भुतरम्य चित्रपट आला. त्याचा नायक मरतो, मृतांच्या नगरीच्या दाराशी जातो आणि तिथल्या वृद्ध द्वारपालाशी हुज्जत घालून परत येतो. हिंदी आवृत्तीत त्या द्वारपालाला आवाज दिला होता माझ्या थोरल्या भावाने. दादा तीस वर्षे नागपुरातल्या एका शाळेत हिंदी शिकवत असे. आकाशवाणीवरच्या नाटकांतून त्याचा आवाज लोकांच्या ओळखीचा झाला होता, आणि निवृत्तीनंतर मुंबईहून हे काम चालून आले होते. परीक्षणात मी लिहिले: ‘यमनगरीचा हा द्वारपाल “कौन है” असे विचारत नाही, “कउन हय” असे विचारतो; मेल्यानंतर पहिला थांबा नागपूरच्या सीताबर्डीचा लागतो, असा प्रेक्षकाचा समज व्हावा.’ आवाज कोणाचा, हे मी लिहिले नाही. नाते सांगून गुण वाढवणे किंवा कमी करणे, दोन्ही मला मंजूर नव्हते.

वाक्य खरे होते, हे आजही सांगतो. आम्ही नागपूरजवळच्या पारशिवनीकडचे. आमच्या तोंडात हिंदीचा ‘औ’ फुटतो आणि त्याचे अ आणि उ असे दोन तुकडे पडतात. माझ्याही तोंडात पडत असत. मी ते वर्षानुवर्षे मोठ्याने वाचून सांधले. दादाने ती गरज मानली नाही. तो म्हणे, ‘पोरायले समजते ना? मंग झालं.’

वाक्य छापून आल्यावर त्याने मला फोन केला नाही. पुढची तीन वर्षे आम्ही लग्नात नाहीतर मयतीत भेटलो आणि पाणीपावसावर बोललो. एकदा पारशिवनीच्या एका लग्नात जेवणाच्या रांगेत मी त्याच्या मागे उभा राहिलो. तो वळला, डोळे बारीक केले आणि अत्यंत स्वच्छ हिंदीत म्हणाला, ‘कौन? अच्छा, आप.’ सगळी रांग हसली. मीही हसलो. टोमणा मला लागला, पण त्या ‘कौन’मध्ये भेग नव्हती, हे ऐकूनही माझ्या ध्यानात राहिले नाही. त्यानंतर वर्षभरात तो गेला.

तेराव्याच्या दिवशी वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवले. ‘भाऊजी, तुमच्या त्या एका ओळीनं त्यांचं तोंड बंद केलं. मुंबईवाले पुन्हा पुन्हा बोलावत होते, हे गेलेच नाही.’ मी म्हणालो, माणूस काम सोडतो त्याला दहा कारणे असतात. ‘असतील,’ त्या म्हणाल्या, ‘मले एकच माहीत आहे.’ तेव्हापासून आमच्या घराण्यात ही गोष्ट याच रूपात सांगितली जाते: धाकट्याने लिहिले आणि थोरला मुका झाला. मी ती कधी मान्य केली नाही. पण मान्य न करणे आणि खोटी ठरवणे यांत अंतर असते, आणि ते मला ओलांडता येत नव्हते.

या वर्षी पुरवणीच्या संपादिकाबाईंचा फोन आला. त्या चित्रपटावरून एक गेम निघाला आहे, हिंदी आवाजांसह. जुन्या परीक्षकाने तो खेळून लिहिले तर वाचकांना मौज वाटेल. मौज हा शब्द मला झोंबला, म्हणूनच मी होकार दिला. दादाची मुलगी बुटीबोरीच्या एका कारखान्यात अभियंता आहे, चाळिशीची, आणि तिला या खेळांचा नाद आहे. तिने तिचे यंत्र आणून माझ्या टीव्हीला जोडले.

‘काकाजी, हे रिमोट नाही, कंट्रोलर आहे. दोन्ही हातानं धरा.’

‘धरले आहे.’

‘उलटं धरून राहिले तुम्ही.’

खेळाविषयी प्रथम लिहितो, कारण तेच माझे काम होते. चित्रपटात राक्षस नायकाचे भाषण संपेपर्यंत तलवार खाली धरून उभे राहत. इथे ते थांबत नाहीत, आणि हा मला चित्रपटापेक्षा मोठा प्रामाणिकपणा वाटला. नदीचे पाणी सुंदर आहे, परंतु त्यातून बाहेर आलेला माणूस कोरडा असतो. पर्वतावर जिथे जावेसे वाटते तिथे अदृश्य भिंत आहे. आणि चित्रपटात नायक मृतांच्या दाराशी एकदाच जातो. इथे खेळणारा जितक्यांदा मरतो तितक्यांदा जातो. अंधार होतो, दगडी दार दिसते, दिव्यापाशी बसलेला म्हातारा मान न उचलता ‘कौन है?’ असे विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. आपण बटण दाबले की आपला नायक नाव सांगतो, म्हातारा एखादे वाक्य सुनावतो आणि त्याला परत ढकलून देतो.

पहिल्या दुपारी मी एकोणीस वेळा मेलो. सात वेळा तर कोणी मारले नाही; मी पुलावरून स्वतःच चालत खाली गेलो.

पुतणीने पहिल्याच मरणाला कान टवकारले होते. तिसऱ्याला ती म्हणाली, ‘हे बाबा नाहीत.’ तिने फोनवर तो तुकडा आईला ऐकवला. पलीकडून वहिनींचा आवाज आला, ‘कोणी तरी दुसरा आहे वं. मशीनचा असन. आजकाल तसंच करतात.’ श्रेयनामावलीत आवाजांची नावे नव्हती. इतर परीक्षकांनीही लिहिले होते की द्वारपाल सपाट आहे, त्याला नऊच वाक्ये आहेत आणि ती कोणा भाडोत्री निवेदकाने वाचली आहेत.

मी म्हणालो, ‘हा तुझा बापच आहे.’

‘कशावरून?’

आवाज खरोखरच दादाचा वाटत नव्हता. त्यात त्याचा घोगरेपणा नव्हता, वाक्याचा शेवट सैल सोडण्याची त्याची लकब नव्हती. पण ते ‘कौन’ मी पुन्हा पुन्हा ऐकले, म्हणजे पुन्हा पुन्हा मेलो, आणि विसाव्या मरणाच्या सुमारास मला उमगले. हिंदी ज्याची स्वतःची आहे, तो ‘कौन’ म्हणताना विचार करीत नाही. हा माणूस करीत होता. चिखलाच्या रस्त्यावर पांढरे धोतर नेसून चालणारा जसा पाय उचलतो, तसा तो ‘औ’ उचलून अलगद पलीकडे ठेवत होता. तसा औकार या जगात दोघांनीच उच्चारला असता: एक मी, आणि दुसरा माझे वाक्य वाचलेला माणूस.

हे पुतणीला सांगितल्यावर तिने टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, ‘काकाजी, राग नका मानू. तुम्हाले बाबांनी काम सोडलं नव्हतं असं पाहिजे आहे. म्हणून तुम्हाले ऐकू येऊन राहिलं.’

हा आरोप गंभीर होता, आणि तो खोडल्याशिवाय मला परीक्षण लिहिता येणे शक्य नव्हते. तिच्याकडूनच एक गोष्ट कळली: द्वारपालाची वाक्ये मरणांच्या संख्येप्रमाणे क्रमाने उघडतात. बरे खेळणारे लोक सबंध खेळात तीस-चाळीसदा मरतात. त्यापुढे काय आहे ते त्यांनी ऐकलेले नसते. इतर परीक्षक नऊ वाक्ये म्हणतात, कारण त्यांचे मरणे तिथेच संपले. या एका बाबतीत माझी पात्रता त्यांच्यापेक्षा मोठी होती.

पुढचे सहा दिवस मी दुपारी दोन ते पाच मरत होतो आणि प्रत्येक मरणाचे टिपण करत होतो. त्या दिवसांविषयी मी फारसे बोललेलो नाही. घरात मी एकटा असतो. यंत्र बंद केल्यावरही खोलीत कोणीतरी उत्तरासाठी थांबले आहे असे वाटत राही. कुकरची शिटी झाली की मान आपोआप टीव्हीकडे वळे. एकदा दारावरची घंटा वाजली आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघाले, ‘कौन है?’ कामाला येणाऱ्या बाई दारातच उभ्या राहिल्या. ‘मी आहो ना. हिंदीत काहून बोलून राहिले आज?’ मी ज्या आवाजात ते विचारले होते, तो माझा नव्हता.

चौसष्टाव्या मरणाला तो आला. तोवरची वाक्ये स्वच्छ, इस्त्री केलेली. पण पन्नासाव्या मरणानंतर जीभ जड होऊ लागली होती; ध्वनिमुद्रणाचा तो तिसरा किंवा चौथा तास असावा. साठाव्यानंतर त्याचा घोगरेपणा डोकावला. आणि चौसष्टाव्याला त्या म्हाताऱ्याने दिव्यावरून हात फिरवला आणि थकलेल्या, किंचित चिडलेल्या स्वरात विचारले, ‘कउन हय?’ पाठोपाठ कागदावर नक्कीच नसलेले, पुसायचे राहून गेलेले, आमच्या घरातले: ‘पुन्हा आला का गा?’

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला. त्या वेळी कोणी पाहणारे नव्हते, तरी सांगतो की मी रडलो नाही. मला भीती वाटली. माझी बाजू सिद्ध झाली होती: दादाने काम सोडले नव्हते, माझे वाक्य वाचूनही तो माइकसमोर गेला होता. आणि सिद्ध झालेली बाजू हातात घेऊन बसल्यावर मला दिसले की ती मी तीन वर्षे समजत होतो तशी नव्हती: माझ्या ओळीने त्याचे तोंड बंद केले नव्हते, त्याचा आवाज पुसला होता.

परीक्षणात मी इतकेच लिहिले: ‘द्वारपाल जिथे शुद्ध बोलतो तिथे तो निर्जीव आहे, आणि जिथे त्याचा उच्चार ढळतो तिथे तो या खेळातला एकमेव जिवंत माणूस आहे. या विषयावर प्रस्तुत लेखकाने पूर्वी व्यक्त केलेले मत चुकीच्या कानाने ऐकून बनवलेले होते.’ याला शहर माफी म्हणते. ही दुरुस्ती आहे.

पण परीक्षण छापून येण्याच्या आदल्या दुपारी पुतणी वहिनींना घेऊन आली. वहिनी तीन वर्षांनी माझ्या घरात पाऊल टाकत होत्या. त्यांनी पाणी घेतले नाही, सरळ टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या. चौसष्टाव्यानंतर प्रत्येक मरणाला तेच शेवटचे वाक्य येते; मी नायकाला पुलावर नेले आणि सोडले. अंधार झाला, दार दिसले. ‘कउन हय?’

वहिनींनी पदर तोंडाशी नेला नाही, काही नाही. फक्त म्हणाल्या, ‘हे आहेत.’ मग मुलीला, ‘हे आहेत वं, तुह्ये बाबा.’ पुतणी माझ्याकडे न पाहता हो म्हणाली.

‘हे कधी केलं यांनी?’ वहिनींनी मला विचारले. ‘घरी तर काही बोलले नाही. चार दिवस सीताबर्डीले जात होते, मले म्हणे चष्मा करून राहिलो. चष्मा तर काही आला नाही. ते होय का?’

असेल, मी म्हणालो. तिथे वरच्या मजल्यांवर लहान लहान स्टुडिओ आहेत.

मग ज्याची मी आठवडाभर वाट पाहत होतो तो प्रश्न आला. ‘अन् तो पहिला आवाज? फोनवर ऐकला तो?’

‘तोही दादाच.’

‘मी म्हटलं ना, दुसरा आहे म्हणून.’

‘हो.’

‘पंचेचाळीस वर्षं संग राहिली मी त्यांच्या.’ त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटले, आता तेराव्याच्या दिवशीचे बोलणे पुढे सुरू होईल, आणि या वेळी माझ्याजवळ दहा कारणांपैकी एकही नव्हते. पण त्या म्हणाल्या, ‘तो लावा. पहिला.’

पुतणी पुढे आली. ‘आई, त्यासाठी नवा खेळ सुरू करावा लागते. हे सगळं पुसलं जाईन. चौसष्ट वेळा पुन्हा मरावं लागन काकाजीले.’

‘मरतील,’ वहिनी म्हणाल्या. ‘येते त्यांले. एवढे दिवस दुसरं काय करून राहिले?’

पुतणी हसली. मीही हसलो असेन. यंत्राने दोनदा विचारले, खरेच पुसायचे का. मी दोनदा हो म्हटले. नायक नदीकाठी उभा राहिला, नवा, तलवारीवर एकही ओरखडा नसलेला. पहिला राक्षस समोरून आला तेव्हा मी हात उचलला नाही.

अंधार झाला. दार, दिवा, वाकलेली मान. आणि कोणीतरी अत्यंत जपून, एकही डाग पडू न देता विचारले, ‘कौन है?’

वहिनी खुर्चीच्या कडेला सरकल्या. त्या अनोळखी, निर्दोष आवाजाकडे त्यांनी, आमचा एखादा दूरचा पाहुणा अंगणात आला की जसे पाहतात, तसे पाहिले.

‘मी आहो,’ त्या म्हणाल्या.

पुतणीने माझ्या हाताकडे पाहिले. बटण अंगठ्याखाली होते. मी ते दाबले नाही, आणि तो मान वाकवून तसाच थांबून राहिला.