बॅगेसकट तेवीस किलो

आमच्या गावात वजनाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असे. सहकारी दूध संस्थेच्या केंद्रावर मी बावीस वर्षं काट्यामागे बसलो. सकाळ-संध्याकाळ लोक बादल्या, किटल्या घेऊन यायचे. कुणाच्या बादलीचं वजन किती, हे मला तोंडपाठ होतं. बादली काट्यावर आली की आकडा बघायचा, बादलीचं वजन मनातल्या मनात वजा करायचं आणि उरलेलं दूध मोठ्यानं सांगायचं. या एका कलेच्या जोरावर मी स्वतःला बराच हुशार समजत होतो. ती हुशारी कुठं आणि कशी भोवली, ते सांगायचं आहे.

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिची आई गेली. माझी थोरली बहीण, आमची अक्का, तेव्हा नवऱ्यामागं माहेरीच राहत होती. मुलीला तिनंच वाढवलं. तुम्ही काय केलं, असं कुणी विचारलं तर दर महिन्याला पोरीला काट्यावर उभं केलं, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

मुलीला शिष्यवृत्ती मिळाली आणि कॅनडात शिकायला जायचं ठरलं, त्या वर्षी आमच्याकडं सलग दुसरा दुष्काळ होता. गावात आठवड्यातून एकदा टँकर. केंद्रावर दूध इतकं कमी झालं होतं की मी बहुतेक वेळ माशांवर लक्ष ठेवून असायचो. सहकारी साखर कारखाना उसाअभावी बंद होता आणि त्याच्या आवारात जनावरांची चारा छावणी लागली होती. अक्का आमची एकुलती एक म्हैस घेऊन तिथं गेली ती राहिलीच. दोन साड्यांचं आणि एका ताडपत्रीचं पाल, त्यात ती, बाहेर म्हैस.

छावणीत जनावरांसाठी रोज टँकर यायचा, म्हणजे गावापेक्षा तिथं पाणी बरं. त्यामुळे कॅनडाला जायचे कपडे अक्कानं छावणीच्या हौदाकडेला, म्हशींनी पिऊन उरलेल्या पाण्यात धुतले. धुवायचे कपडे नेऊन द्यायला मी गेलो होतो, तेव्हा तिनं मला चहा दिला. कोरा.

"कावून गं? म्हैस आटली का?" मी विचारलं. दीड महिन्यापासून तिनं केंद्राकडं दूध धाडलं नव्हतं.

"आटल्यागतच हाय," ती म्हणाली. "पी गुमान."

मी गुमान प्यालो. बावीस वर्षं दुधात काढलेल्या माणसाला समोर उभ्या म्हशीची कास दिसू नये, याला काय म्हणावं?

इकडं मुलगी बॅग भरत होती. भरत होती म्हणण्यापेक्षा रिकामी करत होती. तिच्या तिकिटावर एकच बॅग चालत होती, तेवीस किलोची. तिनं मोबाइलवर कुठल्या कुठल्या याद्या वाचल्या होत्या. दोन पँटी, चार सदरे, एक जाड कोट, चार पुस्तकं. शेजारणींनी कारळाची चटणी आणली, शेंगदाण्याची चटणी आणली, एकीनं तर भाकरी थापायची लाकडी काठवट आणली. मुलीनं प्रत्येकीच्या पाया पडून प्रत्येकीला तिची वस्तू परत दिली.

"पप्पा, तिकडं सगळं मिळतं," ती मला म्हणायची.

जायच्या दोन दिवस आधी अक्का छावणीतून आली. म्हैस शेजारच्या पालातल्या बाईच्या हवाली करून, खांद्यावर पोतडी घेऊन, पायी. पोतडीतून तिनं सिरसाळ्याच्या बाजारात घेतलेला स्टीलचा डबा काढला. झाकणाला चिंधी बांधलेली. चिंधी सोडली तशी घरभर वास सुटला. रवाळ, पिवळसर, काठोकाठ तूप. दीड महिन्याचं सगळं दूध त्या डब्यात होतं.

"तिकडं लई थंडी असती म्हनं," अक्का मुलीला म्हणाली. "भातावर घे. सकाळी भाकरीवर घे. भाकर मिळत न्हाई तिथं? मग जे असंल त्याच्यावर घे."

मुलीनं डबा हातात तोलला. तिचा चेहरा पडला. "अक्का, वजनात बसायचं न्हाई गं. मी चटण्याबी परत केल्या."

अक्कानं चिंधी पुन्हा बांधायला घेतली आणि गाठ काही बसेना. तिच्या हाताला मी आयुष्यभर गाठ चुकलेली पाहिली नव्हती.

"थांबा," मी म्हणालो. इथं मी मधे पडलो. न पडतो तर बरं झालं असतं. "अंदाजानं कशाला बोलता? आपल्याकडं काटा हाय."

बॅग उचलून मी केंद्रावर नेली, मागं मुलगी आणि डबा घेऊन अक्का. मी खाली फडकं अंथरलं, सगळं सामान त्यावर काढलं, रिकामी बॅग आधी काट्यावर ठेवली. चार किलो तीनशे. मग भरलेली बॅग ठेवली, डोळे मिटून चार-तीनशे वजा केले आणि दुधाचं माप सांगतो तसं मोठ्यानं सांगितलं, "एकोणीस आठशे! अजून तीन किलोच्या वर जागा हाय. ठेव डबा."

"नक्की ना, पप्पा?"

"बावीस वर्षं काय मी गोट्या खेळतोय?"

अक्कानं डबा आपल्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवला. तो तीन किलोचा होता. पुन्हा वजन, पुन्हा वजाबाकी, बावीस आठशे. अक्का हसली. दोन वर्षांत ती तशी हसली नव्हती. तिनं डबा बॅगेच्या मधोमध बसवला आणि कोट त्याच्यावर पांघरला. "बघ," ती मुलीला म्हणाली, "बाप येडा हाय तुजा, पण वजनात चुकत न्हाई." मग ती छावणीकडं चालती झाली. म्हशीची पाणी प्यायची वेळ झाली होती.

मुंबईच्या विमानतळावर खिडकीतल्या बाईनं आमची बॅग पट्ट्यावर घ्यायला लावली. आकडा आला सत्तावीस आणि वर शंभर ग्रॅम.

"चार किलो जास्त आहे," ती म्हणाली.

मी काट्यामागचा माणूस काट्यामागच्या माणसाशी बोलतो तसा समजुतीनं बोलायला गेलो. "म्याडम, बॅगेचं वजन वजा करा ना. नुसती बॅगच चार-तीनशे हाय."

तिला कळेना. मी तिला बादलीचं उदाहरण दिलं. दूध मोजताना आम्ही बादली मोजत नाही, हे सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ती मात्र हसली नाही. हळू आवाजात म्हणाली, "काका, विमान बॅगेसकट उडतं."

इतकं साधं होतं ते.

मुलगी फरशीवर बसली आणि बॅग उघडली. हातातल्या पिशवीत घालू म्हटलं तर तूप हातातून विमानात न्यायला बंदी होती. दोन पुस्तकं पिशवीत गेली, तरी वजन जास्तच. तिनं कोट बाजूला केला. साडीत गुंडाळलेल्या डब्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. मी कोट काढ म्हणालो. तिकडं बर्फ पडतो, हे मलाही माहीत होतं. पण माझ्या तोंडून तेच निघालं.

शेवटी तिनं डबा माझ्याकडं दिला आणि साडी ठेवून घेतली.

"अक्काला सांगू नका," ती म्हणाली.

मी डबा मांडीवर घेऊन एसटीनं परत आलो. जिल्ह्याच्या ठिकाणी पार्सलवाल्याला विचारलं, तर तो तूप घेत नव्हता. घरी ठेवला तर अक्काला दिसणार. म्हणून केंद्राच्या कपाटात, दूध तपासायच्या बाटल्यांमागं लपवला. एकदा वाटलं, अक्काला जाऊन सरळ सांगावं, माझी चूक झाली. छावणीपर्यंत गेलोही. तर ती पालापुढं बसून चार बायांना सांगत होती, "आमची पोरगी तिकडं माझंच तूप खाती." मी कोरा चहा पिऊन परत आलो.

फोन माझ्या मोबाइलवर यायचा. मी तो घेऊन छावणीत जायचो. "खातीस का गं तूप?" हे अक्काचं पहिलं वाक्य.

"रोज भातावर घेते, अक्का."

"वास तर लागला न्हाई ना? वल्ला चमचा घालू नको."

"न्हाई घालत."

पोरगी आधी चाचरायची, नंतर सराईत झाली. तूप थंडीनं दगडासारखं होतं, मग डबा गरम पाण्यात ठेवावा लागतो, असंही सांगू लागली. मी शेजारी मान डोलवत उभा. अक्का तिला म्हणायची, "पुरवून खा. पर लई बी पुरवू नको. ह्या साली पाऊस झाला की दुसरं करते."

पाऊस झाला. पोटापुरता का होईना, झाला. छावणी उठली, अक्का म्हैस घेऊन घरी आली. म्हैस गाभण होती. व्याली की चिकाच्या पाठोपाठ तुपाला लागायचं, असा अक्काचा बेत होता. म्हैस व्यायच्या आधीच, थंडीत, सकाळी गोठ्यात शेण काढताना अक्काच्या छातीत कळ आली. मी येईपर्यंत ती दावणीला टेकून बसली होती. काटा, वजन, वजाबाकी, यातलं काहीच माझ्या उपयोगाला आलं नाही.

दुपारी स्मशानात लाकडं रचून झाली. चुलतभाऊ म्हणाला, "तूप आणा." घरात तूप नव्हतं. आटलेल्या म्हशीच्या घरात कुठलं असणार? कुणी दुकानातून पुडा आणायला निघालं.

"थांब," मी म्हणालो. "मी आणतो."

"कुठं निघाला बे तू? आग तुला द्यायचीय," चुलतभाऊ म्हणाला.

केंद्र स्मशानापासून लांब नाही. मी कपाट उघडलं, बाटल्या सारल्या, डबा काढला. चुलतभावानं झाकण उघडलं आणि वास घेऊन माझ्याकडं बघितलं.

"असलं तूप आजकाल कुठं मिळतं? कुणाच्या घरचं हाय बे?"

"तिच्याच," मी म्हणालो.

सगळं ओतलं. त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला हेही सांगितलं. बराच वेळ ती नुसती रडत होती. मग म्हणाली, "थोडं तरी ठेवायचं होतं, पप्पा. चमचाभर."

जन्मभर ग्रॅमचा हिशेब सांगणाऱ्या माणसाला चमचाभर ठेवायचं सुचलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती महिनाभर आली. आल्या आल्या म्हणाली, "डबा कुठंय?" मी फडताळातून काढून दिला. तिनं झाकण उघडलं, नाक आत घातलं, बराच वेळ तशीच राहिली.

"घासला का?"

घासला होता. राखेनं, दोनदा, लखलखीत. दुधातुपाचं भांडं रिकामं झालं की घासून उपडं घालायचं, हाताला तीच सवय.

जायच्या दिवशी बॅग भरताना तिनं त्या डब्यात आपले पायमोजे कोंबले आणि तो मधोमध ठेवला. अक्काची साडी तिकडंच होती, म्हणून या वेळी टॉवेलात गुंडाळला. बॅग मी काट्यावर ठेवली. आकडा आला, तो होता तसा सांगितला. मुलगी माझ्याकडं बघत राहिली.

"बॅगेसकट?"

"बॅगेसकट," मी म्हणालो. "डब्यासकट."