बंद दारामागचं लॅक्टेट

गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी मी परळच्या एका प्रयोगशाळेत शिकत होते. प्रयोगाला ताजं रक्त लागायचं. ते द्यायला सूतखात्यातले एक संपकरी काका यायचे. आधी मिलच्या कुलूप लावलेल्या गेटावर चक्कर, मग आमच्याकडे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बसल्या बसल्या ते तुटलेला धागा सांधल्यासारखी चिमूट चोळत राहायचे.

त्या दिवशी रक्ताच्या नळ्या यंत्रात गरगरायला लागल्या आणि काका ताडकन उठले. "बंद कर गो बाय! एका अंगाला ओढतंय."

खरंच, एक नळी मी कमी भरली होती, त्यानं यंत्राचा तोल जात होता. आणखी वेग घेतला असता तर सगळ्या फुटल्या असत्या. यंत्र थांबवून मी ती नळी बाकीच्यांइतकी भरली.

"एवढं बघतेस तरी काय?" त्यांनी विचारलं.

"लाल पेशी साखरेवर जगते, काका. त्यातून लॅक्टेट हे टाकाऊ द्रव्य तयार होतं. ते आंबटपणा सोबत घेऊन पेशीच्या पडद्यातल्या दारांतून बाहेर पडतं. मी औषध घालून ती दारं बंद करते."

"मग आत?"

"साठत जातं. पेशी आंबत जाते."

त्यांची चिमूट थांबली. "आणि दार उघडलंच नाय तर?"

मी वही चाळली. माझ्या सगळ्या नोंदी दहाव्या मिनिटाला संपत होत्या; त्यापुढे दार बंदच ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं.