गोळीचा उपास

यांच्या हृदयाचा इको काढला आणि हृदय चांगलं निघालं. खरी भानगड तिथून सुरू झाली. बीपी चढलेलंच होतं, पण त्याचं नाव कोणी घेईना.

माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, धरमपेठेत राहतात. कारकुनीतून निवृत्त झाले आणि त्याच दिवशी डॉक्टर झाले. म्हणाले, "अरे बावा, हृदय चांगलं हाय नं तुयं? मंग त्याले काहून गोळ्या चारून राहिला? चांगलं हृदय ढिलं पडते त्यानं. त्याले बी उपास पाहिजे."

उपास म्हटलं की यांना बळ येतं. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी आणि एकादशी. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाट्याचे पापड, शेंगदाण्याचे लाडू, सगळं चालायचं. मोहरीएवढी बीपीची गोळी तेवढी चालत नव्हती. मी म्हटलं, "अहो, मान दुखते म्हणता, घ्या नं." तर म्हणाले, "तू चूप बस वं. चौथी शिकली अन् हृदयातलं सांगते."

पुढच्या तपासणीला भासरे सोबत आले. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर बोललेली नव्हते. आमच्याकडे तशी रीतच आहे. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला. "काका, गोळी रोज घेता ना?"

"रोज," हे म्हणाले.

"रोज," भासऱ्यांनी साक्ष दिली.

"मग ही पुरत नाही. जास्त पॉवरची देते." बाई लिहायला लागल्या.

ही जोराची गोळीही हे मर्जीप्रमाणे खाणार आणि कुठेतरी चक्कर येऊन पडणार. मी पदर सावरला आणि भिंतीकडे पाहत बोलले, "उपासाच्या दिवशी घेत नाहीत. म्हणतात, चांगलं हृदय खराब होते."

बाईंनी पेन ठेवला. "काका, हृदय चांगलं आहे, ते चांगलंच राहावं म्हणून तर गोळी. दाब चढा राहिला की हृदयाला जोर लावावा लागतो, त्याची भिंत जाड होते. आधीचीच घ्या, पण रोज."

बाहेर आल्यावर भासरे म्हणाले, "बोलते का ही?" जणू दवाखान्याची पायरीच बोलली.

पुढे काही दिवस यांनी माझ्याशी अबोला धरला. घर इतकं शांत, की माझं बीपी मोजलं असतं तर बाई खूश झाल्या असत्या. गुरुवारी मी खिचडीचं ताट ठेवलं. यांचं तोंड खिडकीकडेच होतं, पण हात पुढे आला. मी तळहातावर गोळी ठेवली, पाणी दिलं. खिचडीत मीठ कमी घातलं होतं, ते मात्र सांगितलं नाही.