जाऊबाईंची जास्वंद

तंबाखू भिजवलेल्या पाण्याचा वास आला की मला ताडकळसच्या घराचं परसदार आठवतं. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी घरात नवी सून होते. माझ्या विधवा जाऊबाईंनी न्हाणीच्या सांडपाण्यावर लाल जास्वंद वाढवली होती. पांढरी कीड पडली की त्या तंबाखूचं पाणी एकेका पानामागं शिंपडायच्या. फुलं मात्र सासूबाई देवासाठी तोडून न्यायच्या. एका सकाळी जाऊबाईंनी एक फूल केसांत खोवलं आणि हौदाच्या पाण्यात वाकून स्वतःला पाहिलं. मी ते बघितलं, आणि सासूबाईंची मर्जी मिळावी म्हणून लगेच जाऊन सांगितलं. "आता कुणासाठी नटायलीस गं?" असं ओरडत त्यांनी गड्याकडून झाड मुळासकट उपटवलं. जाऊबाई रडल्या नाहीत. माझ्याकडं वळून एवढंच म्हणाल्या, "मागितलं असतंस तर तुझ्याबी केसांत खोवलं असतं की." पुढं वीस वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं, पण त्यांनी परत एकही रोप लावलं नाही आणि मला माफी मागायचा धीर झाला नाही. आता त्या नाहीत. त्या दिवशी सासूबाई मला "लय शहाणी हायस" म्हणाल्या होत्या, आणि मला ते ऐकून बरं वाटलं होतं.