पुंजाराम काका आणि नऊ अपात्र संगणक

पुंजाराम काकांच्या हातात कुठलाही कागद दिला की ते आधी तो उलटा करून बघत. लग्नाची पत्रिका असो, कापसाच्या बियाण्याच्या पाकिटातली चिठ्ठी असो की औषधाच्या डबीतला बारीक अक्षरांचा कागद असो. मागे काय आहे हे कळल्याशिवाय ते पुढचं वाचत नसत. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या मंडल कचेरीसमोर माझं छोटंसं ऑनलाइन सेंटर आहे. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी ते पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा कागद वाया जाऊ नये म्हणून मी अर्जाचं पहिलं पान तेवढं छापून दिलं. त्यांनी ते उलटं केलं, कोरं दिसलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“पोरी, दुसरं पान कुठं हाय?”

“काका, त्याच्यावर नुसते नियम हायेत.”

“मंग तेच तं पायजे. पयल्या पानावर आपन सरकारले सांगतो. दुसऱ्या पानावर सरकार आपल्याले सांगते.”

मी दुसरं पान छापून दिलं. बाकावर बसून त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि जाताना मला सांगितलं, की अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाऊनही अंगठा घेता येतो, असं त्यात लिहिलंय. तीन वर्षं मी लोकांचे ते अर्ज भरत होते. मला ते ठाऊक नव्हतं.

त्यानंतर ते रोज दुपारी यायला लागले. तहसील कचेरीत त्यांनी आयुष्यभर नक्कलनवीस म्हणून काम केलं होतं, म्हणजे जुन्या कागदांच्या नकला उतरून द्यायच्या. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, व्यापाऱ्यांशी हिंदी, आणि बोलण्यात जुन्या कारकुनांकडून आलेले दरखास्त, मिसल, तफसील असले शब्द. इंग्रजी मात्र त्यांनी निवृत्त झाल्यावर शिकायला घेतली. त्यांच्या कापडी पिशवीत एक जाडजूड इंग्रजी-तेलुगू शब्दकोश असे. आदिलाबादच्या दुकानात मराठीचा मिळाला नाही म्हणून हा घेतला, असं ते सांगत. त्यामुळे इंग्रजी शब्द ते आधी तेलुगूत समजून घेत, मग मराठीत आणत. वेळ लागे. त्यांना घाई नसे.

एवढं सगळं वाचायचं वेड कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी हातातला शब्दकोश मिटला. मग म्हणाले, “माह्या हातून एक चूक झाली होती.”

ते नोकरीला नवे असताना घराच्या जागांच्या पट्ट्यांची यादी होत होती. एक विधवा बाई दरखास्त घेऊन आली. वयाच्या अटीत ती बसत नव्हती. काकांनी सांगितलं, तुमचं नाव बसत नाही. ती मुकाट्यानं निघून गेली. यादी वर गेल्यावर मिसल, म्हणजे फाईल, बांधताना त्यांच्या नजरेला दरखास्तीच्या मागच्या पानावरची ओळ पडली: विधवांना वयाची अट लागू नाही.

“तिनं मले उलटून एक शबद विचारला नाई,” काका म्हणाले. “मी नाई म्हटलं, ती गेली. पुढच्या यादीत तिचं नाव मीच घातलं, जागा भेटली तिले. पन मधातली दोन वर्सं ती भावाच्या गोठ्याले पडवी काढून राह्यली. गरीब मानूस ‘नाई’ लवकर मानते, पोरी. म्हनून ‘नाई’ म्हनाच्या आदी दोनदा वाचा लागते.”

मग तो संगणकांचा गोंधळ सुरू झाला. आमच्याकडच्या बहुतेक संगणकांवर जी ऑपरेटिंग सिस्टीम होती तिचा नंबर दहा. कंपनीने जाहीर केलं, की एका ठरावीक तारखेनंतर दहाची देखभाल बंद होईल, आणि जे संगणक पात्र असतील त्यांना अकरा नंबर फुकट मिळेल. बोथमध्ये लोक म्हणू लागले, दहावी पास झाली, आता अकरावीचं अ‍ॅडमिशन. पण पात्र कोण, हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. कोणी म्हणे सगळ्यांना फुकट. कोणी म्हणे एक महिनाच फुकट. कोणी म्हणे बटण दाबलं की आतलं सगळं पुसलं जातं. अशात मोबाईलवर एक संदेश फिरला: अकरा नंबर ताबडतोब फुकट, इथे दाबा. आमच्या शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याने तो संगणकावर उघडून दाबलं आणि दोन हंगामांचे लग्नाचे फोटो कुलूपबंद होऊन बसले. तो माझ्याकडे रडकुंडीला येऊन बसला होता, तेव्हा काकांनी तो संदेश तीनदा वाचला.

“ह्याच्यात एकबी शर्त नाई,” ते म्हणाले. “फुकटाच्या मांगं शर्त असतेच. शर्तच नसन तं ते फुकट नाई, फास हाय.”

त्याच आठवड्यात सीमेवरच्या एका गावातल्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याकडे आल्या. त्यांना एक यादी छापून हवी होती. शाळेत कोणीतरी देणगी दिलेले नऊ संगणक होते. शहरातल्या एका डीलरने येऊन नऊही तपासले आणि सांगितलं, एकही अकराला पात्र नाही, सगळे भंगारात काढा. ती भंगाराची यादी सोमवारी वर पाठवायची होती.

“नवे कधी मिळतील?” मी विचारलं.

मॅडम थोडं हसल्या. “हेच किती वर्षांनी मिळाले होते! मुली आत्ता कुठे टायपिंगला बसायला लागल्या होत्या.”

काका कोपऱ्यात बसले होते. त्यांनी यादी मागितली आणि उलटी केली. मागे काही नव्हतं. “बाई, ‘अपात्र’ लिहिलं हाय. पन काऊन अपात्र, ते कुठं लिहिलं हाय?”

“डीलरने कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं, काका.”

“मंग आमीबी पाहून घेतो.”

शनिवारी सकाळी आम्ही दोघं माझ्या स्कूटीवरून त्या शाळेत गेलो. काका मागे शब्दकोशाची पिशवी पोटाशी धरून बसले होते. मी पहिल्या संगणकावर तपासणी लावली. खरंच, लाल फुली आली, आणि तिच्याखाली इंग्रजीत एक ओळ. सुरक्षेची एक चिप लागते, तिच्याबद्दलची ओळ होती ती. मी ती माझ्या सेंटरमध्ये गिऱ्हाइकांच्या संगणकांवर कितीदा तरी पाहिली होती आणि फुली पाहून पुढे गेले होते. काकांनी खुर्ची ओढली, शब्दकोश उघडला. मॅडम दारात उभ्या राहून घड्याळ पाहत होत्या.

“ह्या ओळीत दोन शबद हायेत,” काका अखेर म्हणाले. “सपोर्टेड आन एनेबल्ड. म्हनजे शर्ता दोन झाल्या. ती चीज मशीनीत हाय का, हा एक सवाल. हाय तं चालू हाय का, हा दुसरा. डीलरनं कोनत्या सवालाचं उत्तर देलं?”

मी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि सुरू होताना बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे मी फारशी कधी गेले नव्हते. खाली खाली जात एका ओळीवर आले. चिप होती. बंद करून ठेवलेली होती. कारखान्यातूनच तशी आली असावी.

ती चालू करायला मला धीर होईना. संगणक शाळेचा, बिघडला तर काय सांगणार?

“भेऊन राह्यली का?” काकांनी विचारलं.

“हो.”

“मंग आदी पोरींचं काम काढून बाजूले ठेव. मंग हात लाव.”

मुलींनी टाइप केलेले धडे, अर्ज, एकीने आजीसाठी लिहून ठेवलेली जात्यावरची गाणी, सगळं मी पेनड्राइव्हवर उतरवलं. मग ती चिप चालू केली आणि तपासणी पुन्हा लावली. हिरवी खूण आली. मॅडम दारातून आत आल्या, पडद्याजवळ वाकल्या आणि पुढचा संगणक त्यांनी स्वतःच सुरू केला.

दुपारपर्यंत आम्ही नऊही पाहिले. सहा पात्र निघाले. तीन निघाले नाहीत. ते खरोखर जुने होते, त्यांचा प्रोसेसरच शर्तीत बसत नव्हता. तपासणीला चकवून जुन्यावरही अकरा बसवता येतं, ती युक्ती मला माहीत होती. मी तसं बोलूनही दाखवलं.

“येत असन,” काका म्हणाले. “पन शर्त चुकवून घेतलेली चीज उद्या अडली तं कंपनी म्हनन, आमी देल्लीच नाई. मंग ह्या पोरी कोनाकडं जातीन? तीन नाईत तं नाईत. त्याईची इंटरनेटची तार काढा, टायपिंग शिकाले ठेवा.” मग मॅडमच्या यादीवर त्यांनी सहा नोंदींवर रेघ मारली आणि उरलेल्या तिन्हींपुढे कारण आणि ‘भंगार नाही, टायपिंगसाठी ठेवले’ असं लिहायला लावलं. अक्षर मॅडमचं, मजकूर त्यांचा.

सोमवारी डीलर भंगार न्यायला गाडी घेऊन आला. मॅडमनी आग्रहाने बोलावलं म्हणून आम्हीही गेलो होतो. मला वाटलं, काका आता त्याला चांगलं फैलावर घेतील. डीलरने हिरवी खूण पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. “काका, मैंने तो बस लाल निशान देखा, नीचे का पढ़ा ही नहीं,” तो म्हणाला.

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मैंने भी एक बार नहीं पढ़ा था,” एवढंच म्हणाले, आणि त्याला चहा पाजला. पुढे त्या माणसाने आपण आधी संगणक बाद ठरवलेल्या दोन-तीन दुकानांत स्वतः जाऊन पुन्हा तपासणी केली, असं मी ऐकलं.

गेल्या वर्षी काकांची नजर फार अधू झाली. त्यांची मुलगी बेल्लमपल्लीला खाणीच्या क्वार्टरमध्ये राहते, ती त्यांना घेऊन गेली. मी एकदा भेटून आले. ते खाटेवर बसले होते, आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. जावई ड्युटीवरून येऊन आत झोपला होता म्हणून आम्ही हळू बोललो. त्यांनी शाळेचं विचारलं. मी सांगितलं, मुली आता मराठी आणि तेलुगू दोन्ही टाइप करतात. त्यांना हसू आलं. “माह्यापेक्षा पुढं गेल्या मंग,” म्हणाले.

पावसाळा संपता संपता ते गेले. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

मॅडमनी शाळेत दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं आणि मग मला म्हणाल्या, “मुलींना त्यांच्याबद्दल काही सांगा.” समोर चाळीसेक मुली होत्या, त्यातल्या बऱ्याच जणींनी त्यांना पाहिलंही नव्हतं. मी त्या शनिवारची गोष्ट सांगितली. चिपची, शब्दकोशाची, सहा आणि तीनची. सांगून झालं तशी पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली.

“ते आमच्या गावचे होते का?”

“नाही. बोथचे.”

“त्याईची नात होती का आमच्या शाळेत?”

“नाही.”

“मंग ते काऊन आले होते? कोनी बलावलं होतं?”

“कोणी नाही,” मी म्हणाले. “स्वतःहून आले होते.”

ती खाली बसली.