नदीकाठची आइस्क्रीम वेल

रविवारी सकाळी विष्णुपुरीजवळ नदीकाठी फिरणारे आम्ही तिघं. पाटील मॅडम कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, गंगाधरराव अर्धापूरचे केळीवाले, अन् मी ऑफिसातली कारकून. जातो झाडं ओळखायला, पण घरी येताना जमलेले असतात किस्सेच!

*

एका करंजावर वेल एवढी चढली होती की झाड दिसतच नव्हतं. बदामाच्या आकाराची पानं बघून गंगाधरराव खूश. "गुळवेल! लई औषधी. काढा करतो." लागले पिशवी भरायला.

"थांबा!" मॅडम ओरडल्या. "गुळवेलीचं पान गुळगुळीत असतं, हे सुरकुतलेलं हाय. अन् तिला अशी गुलाबी फुलं कुठून येतील? ही आइस्क्रीम वेल. लोक बंगल्याच्या गेटवर लावतात ती!"

गंगाधररावांनी पिशवी उलटी केली. "बरं झालं बोललात. पहिला पेला बायकोलाच देणार होतो!"

*

करंज गुदमरत होता म्हणून आम्ही वेल तोडली. काही आठवड्यांनी बघतो तर पुन्हा हिरवीगार! मॅडमनी जमीन उकरायला लावली. खाली रताळ्यासारख्या गाठी.

"ह्या निघाल्याबिगर ती जात न्हाई."

गंगाधररावांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आपण तिची नुसती छाटणीच केली की वो!"

*

एकदा एक फोटोग्राफर लग्न ठरलेलं जोडपं घेऊन आला. "काका, फुलं तोडू नका, प्री-वेडिंग शूट हाय!"

मॅडमनी नवरीला आतला करंज दाखवला. "बघ, ह्याला ऊनच मिळंना."

नवरीनं साडी खोचली. "आमचा फोटो वेल ओढतानाच काढा!"

पहिल्याच हिसक्याला वेल तुटली अन् नवरदेव चिखलात बसला. पत्रिकेवर तोच फोटो छापला त्यांनी!

*

पण ही वेल येते कुठून? नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या कडेनं उलटं चालत गेलो, तर एका बंगल्याच्या मागच्या भिंतीवर गुलाबी फुलांचा पडदा. बिया नाल्यात पडायच्या अन् तरंगत नदीला लागायच्या.

मालकीण कमलबाई दारातच आडव्या आल्या. "सुनेपेक्षा जास्त जपलंय हिला. हात लावायचा न्हाई!"

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. "बरं. रविवारी नुसतं फिरायला या."

आल्या. करंजाला एव्हाना कोवळी पालवी फुटली होती, पण शेजारची बाभूळ शेंड्यापर्यंत झाकलेली. कमलबाईंनी मान वर करून शेंडा शोधला. मग एक फूल हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "माझीच हाय का?"

"हाव," मॅडम म्हणाल्या.

कमलबाईंनी पदर खोचला अन् गंगाधररावांच्या हातातली कुदळ ओढून घेतली.

"सरका बाजूला. तुमचं न्हाई ऐकायची ती. मला ओळखते!"