पत्र्याखाली मुरवलेली रेड वाईन

वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं खपतं. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या टेकू सेठच्या दुकानात हरिचंद्र हे सव्वीस वर्षं उभ्याने बघत आला होता. उभ्याने म्हणजे अगदी उभ्याने. काउंटरमागे खुर्ची एकच, तीही सेठची. सेठ जेवायला गेला तरी त्याचा टॉवेल तिच्यावर बसलेला असायचा. हरिचंद्रच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगून दोरखंडासारख्या झाल्या होत्या. पालेगावला घरी पोचला की द्रौपदी चहाच्या आधी मिठाच्या पाण्याची बादली पुढे करायची.

आणि हा माणूस स्वतः थेंबालाही शिवलेला नव्हता. "आमच्या घरातला कोटा बापानेच संपवला," असं म्हणायचा.

जानेवारीत सेठने चिखलोलीला, नव्या टॉवरांच्या खाली, दुसरा गाळा घेतला. तिथे मॅनेजर लागणार होता. बसून काम करणारा. त्याच आठवड्यात टाय लावलेला करण नावाचा कंपनीचा माणूस आला आणि सोलापूरकडच्या रेड वाईनचे पंधरा खोके सेठच्या गळ्यात मारून गेला.

"अडे हरि," सेठ म्हणाला, "टॉवर के लोग यही पीते हैं, साईं. मे महिन्यापर्यंत हा माल निकाल. चिखलोली की कुर्सी तेरी."

करणने काय बोलायचं ते शिकवलं. "सर, गरम मुलखातली द्राक्षं. ऊन खाऊन साखर भरते, म्हणून वाईन बोल्ड. गडद रंग, जांभूळ, काळी मिरी, आणि मागून थोडं चामडं."

"चामडं?"

"चवीत, सर. किंचित."

"मग चपलांच्या दुकानात ठेवा की!" हरिचंद्र म्हणाला, पण पाठ केलं. आंघोळ करताना आरतीच्या चालीवर घोकायचा: जांभूळ, मिरी, मागून चामडं. बाहेरून द्रौपदी ओरडायची, "अहो, त्या चामड्याला निवेद कधी दाखवायचा?"

जाता जाता करण म्हणाला होता, "बाटलीत ठेवली की एज होते, सर."

"म्हणजे मुरते."

"एक्झॅक्टली!" म्हणत करणने हात मिळवला आणि गेला. घोळ झाला तो तिथेच.

तीन महिने गिऱ्हाईक रेड वाईनकडे बघून विचारायचं, "काका, बियर चिल्ड आहे ना?" मग एप्रिल आला. द्रौपदीने कैरीचा साखरांबा घातला आणि बरणीला फडकं बांधून गच्चीत ठेवली. "आठ दिवस कडक ऊन लागू द्या," ती म्हणाली, "मग बघा कसा रंग चढतो." हरिचंद्र बरणीकडे बघतच राहिला. मुरायला ऊन लागतं. द्राक्षं तर मुळातच उन्हातली, त्यांना उन्हाची कसली भीती?

दुसऱ्या दिवशी त्याच पोटऱ्यांनी शिडी चढून त्याने पंधराही खोके मागच्या माळ्यावर नेले. वर पत्रा, दुपारी हात लावला तर चटका बसेल असा. दर सोमवारी तो बरणी हलवावी तशा बाटल्या फिरवायचा. मेच्या सुरुवातीला काही बुचं वर आली, बुचावरच्या कागदाखालून चिकट थेंब ओघळले.

"रस सुटायला लागलाय," घरी येऊन त्याने खुशीत सांगितलं.

मग राजसी मॅडम आल्या. चिखलोलीच्या टॉवरात नवा फ्लॅट, घरभरणीची पार्टी. हरिचंद्रने जांभळापासून चामड्यापर्यंत सगळं एका दमात म्हटलं. "काका, किती नॉलेज आहे तुम्हाला!" म्हणत त्यांनी दोन खोके उचलले. बाटल्या त्याने स्वतः पुसून दिल्या. संध्याकाळी सेठ फोनवर बोलत होता, "हाँ हाँ, कुर्सी गोल घूमनेवाली भेजो." हरिचंद्रने ऐकलं. त्या रात्री त्याने बादलीत पायच घातले नाहीत.

सोमवारी मॅडम बाटल्यांसकट परत आल्या. "काका, हे काय दिलंत? शिजवल्यासारखं लागतंय. लोकांनी बेसिनमध्ये ओतलं."

सेठने घोट घेतला आणि दारात थुंकला. "अडे, ये तो उबाली हुई है! कहाँ रखा था?"

हरिचंद्रने माळ्याकडे बोट दाखवलं. सेठ तीन पायऱ्या चढला, पत्र्याची धग तोंडावर आली तसा उतरला.

"तूने कभी पी के देखी?"

"मी घेत नाही, सेठ."

"आज घे." प्लास्टिकच्या ग्लासात दोन बोटं आली. चोपन्न वर्षांतला पहिला घोट. मॅडम बघतायत, सेठ बघतोय. हरिचंद्रने जीभ टाळूला लावली. आंबट, गोड, मागून जरा तुरट. वाईट कशाला म्हणायचं, ते त्याला कुठून कळणार?

"छान लागतंय, सेठ," तो मनापासून म्हणाला. "साखरांब्यासारखं."

सेठने शिवी घातली असती तरी चाललं असतं. त्याने नुसता टॉवेल उचलला, झटकला आणि खुर्चीवर बसला.

चिखलोलीला मॅनेजर म्हणून बदलापूरचा सुयोग नावाचा पोरगा लागला. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला. ग्लास नाकाशी धरतो आणि डोळे मिटतो. गोल फिरणारी खुर्ची मात्र आधी कॅम्प चारलाच उतरली होती. ती पोचवायचं काम हरिचंद्रकडे आलं. टेम्पोच्या मागे तो एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने खुर्ची धरून उभा राहिला. खड्ड्याखड्ड्याला ती गिरकी घ्यायची.

सिग्नलला ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. "ओ काका, बसा की तिच्यावर! कोण बघतंय?"

"नको," हरिचंद्र म्हणाला. "कव्हर फाटेल."